जिथं मारबत परत येते

आमच्या डोंगरातले लोक गोंदियाच्या पलीकडे फारसे जात नाहीत. गेले तर दवाखान्यात, नाहीतर कोर्टात. मी पोळ्याला बहिणीच्या गावी जाऊन आलो, तर आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय पाहून आलास? पारावर बसून सांगायला लागलो की कोणी ना कोणी मध्येच तोंड घालतो आणि गोष्ट भलतीकडे जाते. म्हणून लिहून काढतो. मी तिसरीपर्यंत शिकलो. अक्षर वाकडं असेल, पण लिहितो ते डोळ्यानं पाहिलेलं आहे. आणि कागद मध्ये बोलत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरांच्या सोयरिकी आधीच मोडतात. पाण्याला वास येतो असं कळलं की मुलीचा बाप चहा न घेता उठतो. त्यात मी भर घालणार नाही. नदीकाठचं गाव, कामठ्याच्या रस्त्यानं जावं लागतं, एवढं पुरे. त्याच्या खाली नदीला धरण झालं आहे. लोखंडी दारांचं, लांबलचक. त्या दारांचं पाणी पार गावाच्या घाटापर्यंत भरून राहतं.

माझी बहीण पार्बता माझ्याहून मोठी. आमची माय लवकर गेली, हिनंच मला कडेवर वागवलं. मी तिला बाई म्हणतो. आम्ही ढिवर. पण डोंगराकडचे ढिवर, तलावातले मासे धरायचे आणि दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायचं. तिला दिली ती खऱ्या नदीवरच्या ढिवरात. तेव्हा बापाची छाती फुगली होती, पोरगी वाहत्या पाण्यावर दिली म्हणून.

पोळ्याच्या चार दिवस आधी भाच्याचा, नामदेवचा, फोन आला.

"मामा, मायले पुन्हा कावीळ झाली. डाक्टर म्हनते, नदीचं पानी बंद करा, विहिरीचंही बंद करा. माय आयकते का? तुमी या अना तिले घेऊन जा. तुमच्याकडचं पानी चांगलं हाये."

"येतो," म्हटलं, "आणि आणतोच."

घरात सांगून टाकलं, बाईची खाट ओसरीत टाकून ठेवा. मी एखाद्या कामाला गेलो आणि हात हलवत परत आलो असं कधी झालं नाही. निदान तोवर झालं नव्हतं.

दरेकसा ते गोंदिया

सोबत जंगलातले वास्ते घेतले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, बाईला त्याची भाजी फार आवडते. आणि आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली एक प्लास्टिकची कॅन. दरेकसा स्टेशनावर जो तो हसला. "नदीवर पानी घेऊन चालला का, गोमाजी?" मी म्हटलं, हो, तुमच्या बापाचं काय जाते? कावीळ झालेल्या माणसाला चांगलं पाणी नेणं ही हसायची गोष्ट नाही.

गोंदियात उतरलं की मराठी खिशात ठेवावी लागते. तिथं सगळा कारभार हिंदीत. पोहे खाल्ले, वर चण्याचा रस्सा. गाडीवाला भला माणूस, म्हातारा पाहून रस्सा पुन्हा वाढला. त्याच्या गाडीच्या मागं मोठा नाला. पाणी काळंकुट्ट, वर पन्नीच्या थैल्या, दवाखान्यातल्या बाटल्या, सडके बटाटे. हवेत उकडा तांदूळ काढणाऱ्या गिरण्यांचा आंबूस वास. खाताना नाकाला हात लावता येत नाही, म्हणून मी तोंड फिरवून बसलो.

विचारलं, "भैया, ये नाला कहां जाता है?"

"नदी में. और कहां जाएगा, बाबा?"

"और नदी?"

"नदी तो आगे जाती है ना." त्यानं प्लेट विसळली आणि पाणी नाल्यात फेकलं.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नदी पुढं जाते हे त्याचंही बरोबर होतं आणि माझंही तेच मत होतं. जगाचा कचरा नदीच नेत आली आहे. कोणी नवीन काढलेलं नाही ते.

तिथून काळीपिवळी. जीपमध्ये माणसं कोंबली होती, माझी कॅन मांडीवर. एका खड्ड्यात झाकण सैल झालं आणि शेजारच्या मास्तराची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. मला वाटलं आता भांडण. तो म्हणाला, "काका, गंगाजल है क्या?" मी म्हटलं, "दरेकसाजल है." सगळी जीप हसली. गावी पोचलो तेव्हा कॅन अर्धी झाली होती.

पोळ्याचा दिवस

मी त्या नदीवर पूर्वी पुष्कळदा गेलो आहे. बाईच्या लग्नात तर वऱ्हाड वाळूतच उतरलं होतं. इकडच्या लोकांना सांगून खरं वाटत नाही, पण दोन शेतं मावतील एवढी रुंद वाळू, आणि मध्ये काचेसारखं पाणी. उन्हाळ्यात त्या वाळूत ढिवर डांगरवाड्या लावायचे. डांगर म्हणजे कलिंगड, काळ्या सालीचं, फोडलं की लाल. आणि प्यायचं पाणी तर नदीचंही नाही, वाळूतलं. हातानं खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग जे भरून येतं ते इतकं गोड की वर पान खावंसं वाटत नाही. त्या गावच्या बाया माठ घेऊन झिऱ्यावर बसायच्या आणि वाटीवाटीनं भरायच्या. त्यांची भांडणं, गाणी, सोयरिकी, सगळं तिथं.

आता घाटावर उभा राहिलो तर वाळू नाही. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी. हिरवं, जाड, दुधावर साय यावी तशी वर साय. नदी म्हणायची कशी त्याला? हलतच नव्हतं. पायरीशी फेस तरंगत होता, कुजक्या गवताचा वास, आणि मध्येच डोळे पांढरे झालेली एक मासोळी.

नामदेव म्हणाला, "चार वर्षांपासून असंच हाये, मामा. पावसात दारं उघडी राहतेत तवा बरं असते. मंग बंद. वरून सगळं येते, खाली काईच जात नाही. दोन सालांपासून पाऊस कमी, तं पोळ्याच्या आधीच बंद करतेत; यंदा तं पाऊसच नाही."

"आंघोळ कुठं करता?"

"घरी. हापशीवरून आनतो. लाल पानी हाये, पन चालते."

आता मी वाहत्या पाण्यावर आंघोळ करणारा माणूस. नदीकाठी येऊन हापशीच्या लाल पाण्यानं बादलीत आंघोळ करू? नामदेव नको नको म्हणत असता मी उतरलो. पायाखाली जिथं वाळू होती तिथं घोट्यापर्यंत गाळ. तीन बुडक्या मारल्या आणि वर आलो. कपडे घालेपर्यंत अंगाला खाज सुटली. घरी पोचेपर्यंत मी रस्त्यातल्या प्रत्येक खांबाला पाठ घासली.

बाई ओसरीत बसली होती. डोळे हळदीसारखे. हात काड्या. पण जीभ पहिलीच.

"आला का गोमा? अना हे काय, माकडासारखा खाजवून काऊन राहिला?"

"नदीत आंघोळ केली."

ती हसली ती खोकला लागेपर्यंत. "डोंगरातला शहाना! इथं म्हशीही उतरत नाहीत आता." मग तिनंच कडुलिंबाचा पाला उकळायला लावला आणि आजारी बाईनं धडधाकट भावाची पाठ शेकली.

कॅन तिच्यापुढं ठेवली. तिनं पेला भरला, घोट घेतला, डोळे मिटले. "नानाच्या विहिरीचं हाये," म्हणाली. आमच्या बापाला आम्ही नाना म्हणायचो. पेला मात्र पुरा प्याली नाही. अर्धा सुनेला दिला.

संध्याकाळी बैल सजले. तिथं आता बैल थोडे, ट्रॅक्टर जास्त. ट्रॅक्टरलाही झुली आणि बेगड बांधतात, आरती करतात. मला हसू आलं. पण सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि उडदाचे बडे आपल्यासारखेच, तेल जरा जास्त. माझे वास्तेही सुनेनं चांगले केले, फक्त त्यात मसूर घातली. आपण घालत नाही.

जेवणाआधी मी एक पाहिलं. बाई मागच्या अंगणात मारबत बांधत होती.

आपल्याकडे मारबत म्हणजे पोरांचा खेळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, फांद्यांचा पुतळा ओढत नेतात, शिवेवर टाकून येतात. तिथं तसं नाही. तिथं घराघरातलं फुटकं सूप, झिजलेला झाडू, आजाऱ्याच्या अंगावरचं फडकं, सगळं त्या पुतळ्यात बांधतात आणि नदीत सोडतात. वर्षाची रोगराई ती घेऊन जाते. आणि तो पुतळा गावातली एकच बाई बांधते. तिथं ती बाई म्हणजे माझी बहीण. तिच्या सासूनं तिला तो मान दिला होता. बांबूची काठी, तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं अंग, पळसाचे हात, आणि तोंडाला जुनं सूप. त्यावर काजळानं डोळे.

पूर्वी त्या कामाला अख्खी बायकांची ओळ बसायची, मी पाहिलं आहे. कोणी तणस पिळतं, कोणी टोमणे मारतं. आता बाई एकटी, सून हाताशी. मी म्हटलं, बाकीच्या कुठं गेल्या?

उत्तर कुडापलीकडून आलं. शेजारची कवसाबाई तिथं उभी होती, हातात झाडू. ती भांडायला आलेली नव्हती, उलट खाली पाहत बोलत होती.

"पार्बताबाई, राग नको धरू वो. बाया म्हनतेत, यंदा दुसऱ्या हातानं बांधू का? दोन साल झाले, तुमची मारबत परत येऊन राहिली. परत आली का मंग कावीळ येते. मागच्या साली माझ्या घरात दोघं पडले."

बाईनं तणसाला शेवटची गाठ मारली. "जवर माझे हात हायेत तवर मीच बांधीन. तुझा झाडू दे इकडं."

कवसाबाईनं झाडू दिला. पण कुडावरून, आत आली नाही.

करीचा दिवस

पहाटेच गाव जागं झालं. पोरं पुढं, मागं डफ, मध्ये दोन जवान माणसांच्या खांद्यावर मारबत. गल्लीगल्लीतून ओरडत चालले,

"खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! कावीळ-जुलाब घेऊन जाय गे मारबत!"

कावीळ म्हणताना आवाज मोठा होत होता. मीही ओरडलो. मला वाटलं, माझ्या बहिणीची तेवढी तरी जावी.

घाटावर तिला पाण्यात ढकलली आणि सगळे वळले. वळून पाहायचं नाही अशी रीत आहे. कोणी पाहिलं नाही. पण चालताना सगळ्यांचे कान मागं होते, हे मला कळत होतं.

दुपारी मटणाचं जेवण झालं. बाईला वरणाचं पाणी. मी पान खात होतो तेव्हा कवसाबाई दारात आली, म्हणाली, "पार्बताबाई, तुमची आली."

घाटावर जाऊन पाहिलं. वारा गावाकडे होता, पाण्याला ओढ नव्हती. मारबत फिरून पायरीला येऊन लागली होती. सुपाचं तोंड वर, काजळ पाण्यानं गालावर उतरलेलं. तिच्या भोवती सकाळचे झाडू, फडकी, पन्न्या. गाव काठावर उभं. सगळे बाईकडे पाहत होते. नामदेवनं लांब बांबू आणून तिला मध्यधारेत लोटली. म्हणजे जिथं मध्यधार असायची तिथं.

घरी आल्यावर मी विषय काढला. "बाई, बास झालं. उद्या माझ्यासंगं चल. महिनाभर चांगलं पाणी पी, बरी हो, मग पाहू."

ती म्हणाली, "तू मले मारबत करून नेऊन राहिला का?"

"असं काऊन बोलतेस?"

"मंग काय? आज मारबत परत आली, अना उद्या मी पोटलं घेऊन गाव सोडलं. गाव काय म्हनन? पिडा हिच्यातच होती, भावानं नेली, बरं झालं. जलमभर तेच नाव राहीन. माझ्या सुनेले उद्या पान्यावर कोनी उभं करनार नाही. मी नाही येत, गोमा. मरन तं मरन."

मी भांडलो, खूप भांडलो. आमच्या घरात हट्ट कमी कोणाचाच नाही. पण आतून मला कळलं होतं की ती पाण्यासाठी अडलेली नाही. ती नावासाठी अडली आहे. आणि नावासाठी अडलेल्या माणसाला हलवता येत नाही, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे.

धरणावर

दुसऱ्या दिवशी नामदेवच्या फटफटीवर बसून मी धरणावर गेलो. ठरवलं होतं, एक दार घटकाभर उघडायला लावायचं. मारबत गेली की नाव गेलं, नाव गेलं की बाई येते. एवढं सोपं मला वाटलं होतं.

रस्ता दोन्हीकडे हिरव्या धानाचा. आमच्याकडे यंदा धानाचे रोवणे वाळून चालले होते. बांधीत भेगा. आणि इथं मोटारी गुरगुरत होत्या, पाण्यानं बांध्या भरलेल्या, लोंबी धरायच्या बेतात. मी फटफटी थांबवायला लावली आणि बांधावर उतरून धानाला हात लावला. नामदेव म्हणाला, "हे सगळं धरनाच्या पान्यावर, मामा." मला ते कळत होतं.

धरणावर एक चौकीदार होता. देवरीकडचा, गोंड माणूस, बोलायला गोड. बाज टाकून रेडिओ ऐकत होता. पाण्याची त्याची स्वतःची कॅन वेगळी, गावाहून आणलेली. मला बरं वाटलं, म्हणजे जगात मी एकटाच कॅनवाला नाही.

मी सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाबा, दार का माझ्या घरचं हाये? साहेबाचा हुकूम लागते. अना उघडलं तं हे धान कोनाच्या भरवशावर? पाऊस कुठं हाये?"

मी भांडणारा माणूस. साहेब असो की शिपाई, मी कोणाला सोडत नाही. पण मी धानाचाही माणूस आहे. दोन्ही बाजूंनी त्या मोटारी ऐकू येत होत्या. वाळणाऱ्या धानावरून मी येत होतो. कोणत्या तोंडानं म्हणू, पाणी सोडून दे?

माझा चेहरा पाहून चौकीदार उठला. "मारबतीसाठी आले ना तुमी? या, तुमाले दाखवतो."

भिंतीवरून आम्ही दारांच्या वरच्या अंगाला गेलो. तो म्हणाला, पाहा खाली.

मी वाकून पाहिलं.

दारांना टेकून मारबती उभ्या होत्या. एक नाही, दोन नाही, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी तणसाची, कोणी पोत्याची, कोणी नुसत्या पळसाच्या डहाळ्यांची, एकीला पिवळं लुगडं, एकीच्या गळ्यात फुटक्या बांगड्यांची माळ. त्यांच्या मधूनमधून झाडू, सुपं, पन्न्या, औषधाच्या बाटल्या, देवांची मोडकी मखरं, गिरणीचा भुसा, शहराचं काय काय. सगळं दाटून चटईसारखं झालं होतं, वर बगळा चालत होता. वरच्या सगळ्या गावांनी घेऊन जा म्हणून जे सोडलं ते रात्री फिरलेल्या वाऱ्यानं इथं येऊन दाराशी थांबलं होतं, आणि दार बंद.

"दर साली पोळ्यानंतर हेच," चौकीदार म्हणाला. "पहिल्या साली मी भ्यालो, बाबा. सकाळी उठून पाहतो तं एवढ्या बाया मलेच पाहून राहिल्या."

मी नामदेवला म्हटलं, फिरव गाडी.

हापशीवर

बाईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू माझा भाऊ. तुझी साक्ष कोन मानते?"

खरं होतं. म्हणून मी सकाळी हापशीवर जाऊन उभा राहिलो. पाण्याला सगळ्या बाया तिथं येतात. पाहुण्यानं हापशीवर उभं राहणं शोभत नाही, पण शोभेचा विचार मी घरी ठेवून आलो होतो.

म्हटलं, "कवसाबाई, तुम्ही अना ज्याईले ज्याईले माझ्या बहिनीचा हात खराब वाटते त्या, चला धरनावर. मी म्हनतो ते दिसलं नाही तं मी तिले आजच घेऊन जातो अना या गावात पुन्हा पाय टाकत नाही. दिसलं तं तुमी तुमच्या तोंडानं बोला."

एक म्हातारी म्हणाली, "हा डोंगरातला बुढा भांडखोर हाये वो."

"हाओ, हाये," मी म्हटलं. "बसा ट्रालीत."

नामदेवच्या दोस्तानं ट्रॅक्टर दिला. ट्रॉलीत बाया, मध्ये खाट टाकून तिच्यावर बाई. कवसाबाई बाईपासून लांबच्या कोपऱ्यात बसली. रस्ताभर कोणी गाणं म्हटलं नाही.

भिंतीवर आल्यावर बाया कठड्यापाशी गोळा झाल्या. बाई कठड्याला धरून उभी राहिली. तिनं डोळ्यांवर हात धरला, एकेक न्याहाळली, आणि बोट केलं.

"हे पाहा, माझी." सुपाचं तोंड, काजळ पुरतं पुसलेलं. आमच्या घाटावरून लोटलेली तीही येऊन ओळीत लागली होती. "अना या बाकीच्या बाया कोन्या गावच्या?"

मग कवसाबाई पुढं आली. ती बाईकडे पाहत नव्हती. तिची नजर पिवळ्या लुगड्यावर खिळली होती.

"हे माझ्या माहेरची," ती म्हणाली. "पिवळं लुगडं तिथंच नेसवतेत. माझी मावशी बांधते वो तिथं."

"मावशीचा हात कसा हाये?" बाईनं विचारलं. मी माझ्या बहिणीला ओळखतो, टोमणा मारायची संधी ती मरतानाही सोडणार नाही. पण आवाज टोमण्याचा नव्हता.

कवसाबाईनं पदर तोंडाला लावला. "माझी मावशी, पार्बताबाई. तिनं आमचे बारा जनाईचे बाळंतपनं केले. तिच्या हातात काय खराब राहीन?" आणि मग बाकीच्या बायांकडे वळून, चांगल्या मोठ्या आवाजात, "दार बंद हाये. दार बंद हाये म्हणून हे उभ्या हायेत. हिच्या हातात काई नाही."

परत येताना ती बाईच्या शेजारी बसली. ट्रॉली हिसके देत होती, तिनं बाईला धरून ठेवलं. मी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसलो होतो. डोळ्यात धूळ फार जात होती.

निघताना

घरी उतरल्यावर बाई म्हणाली, "गोमा, उद्या निघू. आता मी कोनाची पिडा म्हणून जात नाही. भावाच्या घरी जातो, बरं व्हाले."

मला वाटलं, सकाळची पहिली काळीपिवळी धरू, दुपारच्या पॅसेंजरला गोंदियात. पण तिनं मागच्या वाटेनं यायला नकार दिला. मागची वाट जवळची. तिला गावातूनच जायचं होतं, मधल्या गल्लीनं, भर उजेडात. नवं लुगडं नेसली, आणि प्रत्येक दारात थांबली. प्रत्येक दारात चहा. "भावाकडं चालली. दिवाळीले येतो. माझ्या सुनेकडं ध्यान द्या वो." कवसाबाईच्या घरी तर जेवायलाच बसवलं. पहिली जीप सुटली. दुसरीही सुटली. नामदेव माझ्याकडे पाहत होता, मामा आता भडकतो म्हणून. मी भडकलो नाही. ओसऱ्या-ओसऱ्यांवर बसून इतका चहा प्यालो की आठ दिवस चहा नको वाटला.

तेव्हापासून बाई माझ्याकडे आहे. डोळ्यातली हळद उतरली. वास्त्याच्या भाजीत मसूर घालायला माझ्या सुनेला शिकवलं, आता घरात मलाच ती खावी लागते. तिकडं पुढच्या साली मारबत कुठं न्यायची यावर गावात भांडण चालू आहे. कोणी म्हणतं जाळा, कोणी म्हणतं आगीत रोग कसा जाईल, तो धुरानं घरात येईल. नामदेव हापशीचं पाणी उकळून पितो. एवढंच तिथं बदललं आहे.

दसऱ्यानंतर उशिराचा पाऊस आला, धो धो. त्यानंतर एका सकाळी नामदेवचा फोन. खुशीत होता.

"मामा, काल दारं उघडले! सगळेच! पान्यानं काय ओढ घेतली म्हनता, भिंतीजवळचं सगळं साफ वाहून गेलं. आपला घाट दिसून राहिला. मायले सांगा."

मी ओसरीत जाऊन सांगितलं. बाई सुपात तांदूळ पाखडत होती. मला वाटलं होतं हसेल, देवाला हात जोडेल. ती पाखडायची थांबली.

"खाली कोनतं गाव लागते रे, गोमा?"

मला माहीत नव्हतं. मी खाली कधी गेलो नाही.

"तिथं मारबत कोन बांधत असन?" ती म्हणाली.